एनेरेलचा पाचवा हिवाळा

उलानबातर,
२८ सप्टेंबर २०१०

प्रिय दुलमाताई,

शरद सुखाचा चाललाय ना? जनावरं अंगाने भरली का? गेल्या हिवाळ्याने तुमचा अर्धा कळप नेला, उरलेल्याला तरी यंदाचा हिवाळा सोसो.

हे पत्र जिग्मेद ड्रायव्हरच्या हाती देतेय. तुमच्या खोऱ्यात फोन लागत नाही, आणि लागला असता तरी हे फोनवर बोलायला मला जमलं नसतं.

सरळच लिहिते. एनेरेलला या हिवाळ्यापुरतं तुझ्याकडे ठेवून घेशील का?

गेल्या हिवाळ्यात तिला तीनदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या वेळी दवाखान्यात एका खाटेवर दोन लेकरं होती, आम्ही दोन आया खाली बसून. आता उन्हाळाभर जरा बरी होती, म्हणून परवा ओयुन डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या भिंतीवर एक तक्ता आहे, वयाप्रमाणे मुलांची वाढ किती हवी त्याचा. त्यांनी तिला उभी केली, मोजलं, तोललं, आणि तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. साडेचार वर्षांची मुलगी, वजन बारा किलो, उंची तिसऱ्या वर्षाची. मी म्हटलं, "बाई, ती खातच नाही हो." तर म्हणाल्या, "जी पोर चार-पाच महिने श्वासासाठीच झगडते, ती खाणार कधी आणि वाढणार कधी? औषध मी लिहून देते. हवा कुठल्या दुकानातून आणून देऊ?"

ताई, तू आमची टेकडी हिवाळ्यात पाहिलेली नाहीस. प्रत्येक कुंपणात एक गेर, लोकरीच्या नमद्याचा तोच आपला गोल तंबू, प्रत्येक गेरात एक लोखंडी चूल, आणि प्रत्येक चुलीत कच्चा कोळसा. सकाळी शेजारणीचं कुंपण दिसत नाही, फक्त तिचा खोकला ऐकू येतो. आणि हा कोळसा ट्रकमधून उतरवतो कोण? माझाच नवरा. संध्याकाळी बातर घरी येतो तेव्हा त्याचे डोळे आणि दात तेवढे पांढरे असतात. त्याला मी काय बोलू? आम्हीही तोच जाळतो. उणे पस्तीसमध्ये दुसरं काय जाळायचं?

हो म्हणालीस तर बातर ऑक्टोबरच्या मध्याला तिला घेऊन येईल. मला येता येणार नाही. शिवणाच्या कारखान्यात शाळांच्या गणवेशांची घाई आहे, रजा देत नाहीत.

तिला कुत्र्यांची भीती वाटते. झोपताना कुणाच्या तरी कानाची पाळी धरते. धरू दे.

तुझी,
उरना

—

झावखान, हिवाळी तळ,
१९ ऑक्टोबर

उरना,

"ठेवून घेशील का" म्हणे! चौदा वर्षांची असताना तुला पाठीवर बांधून मी बकऱ्या वळल्या, आणि तू मला विचारतेस ठेवून घेशील का. शहरात जाऊन फार सभ्य झालीस.

जिग्मेदकडून तोंडी होकार धाडला होता, त्याप्रमाणे पोरगी पोचली. आईगं, ही पोर की काडी! बातरने तिला बसमधून उतरवलं तेव्हा मला वाटलं नुसतं गाठोडंच आहे. तुझे दाजी तिला उचलून म्हणाले, "आपलं करडू हिच्यापेक्षा जड आहे." दाजींच्या तोंडून आठवड्यात निघालेलं तेवढं एकच वाक्य.

बातर एक रात्र राहिला. निघाला तेव्हा वाट सुखाची जावी म्हणून मी त्याच्यामागे दूध शिंपडलं. एनेरेल माझ्या देलचं, लांब अंगरख्याचं, टोक धरून उभी राहिली. रडली नाही. मला नवलच वाटलं, शहाणी आहे म्हटलं.

तिला रोज सकाळी ताजी साय देते, दुपारी मटणाचा रस्सा. पहिले चार दिवस खोकत होती. रात्री छाती अशी वाजायची की जणू कुणी कोरड्या कातड्यावर नख ओढतंय. आता कमी आहे. आमच्याकडेही धूर असतोच गं, गोवऱ्यांचा. पण तो धुराड्यातून वर जातो आणि वारा त्याला घेऊन जातो. बातर सांगत होता, तुमच्याकडे वर गेलेला धूर परत खाली येऊन बसतो.

बोलत नाही फारशी. लाजते. होईल सवय.

कानाची पाळी माझी धरते. दाजींची धरून पाहिली, पण त्यांच्या कानात केस आहेत.

दुलमा

—

उलानबातर,
१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा बातरला वाचून दाखवलं, तर केसांच्या जागी तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि मग तो खोकतच राहिला.

इथे धूर सुरू झाला. परवापासून सकाळीही गाड्यांना दिवे लावून चालावं लागतंय. मी दाराच्या फटीत नमद्याच्या पट्ट्या कोंबल्या, आतून ओला कपडा लावला. संध्याकाळी तो कपडा पिळला की पाणी चहासारखं निघतं. मग मनात येतं, बरं झालं एनेरेल इथे नाही. लगेच दुसरं मनात येतं, की एनेरेल इथे नाही.

बातरशी भांडले. मी म्हटलं, "तू हे काम सोड." तो म्हणाला, "मी सोडलं तर टेकडीवर कोळसा यायचा थांबेल का? दुसरा कुणी उतरवेल. लोक गारठून मरायला हवेत का?" त्याचं खरं आहे. खरं असल्यामुळेच मी जास्त चिडले.

ताई, एक मागते. ती काय बोलते ते लिही. साय किती खाल्ली ते नको, तिचे शब्द लिही, जसेच्या तसे. माझी आठवण काढते का? कुत्र्याला काय म्हणते? इथे असताना दिवसभर तिची बडबड चालायची. खोकताना मध्येच थांबायची आणि मग वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करायची. आता घरात आवाज नाही.

मी बरी आहे. थोडी दमते, एवढंच.

उरना

—

हिवाळी तळ,
९ डिसेंबर

उरना,

पत्र मिळालं. ऐकून घे आणि आनंदी हो.

खोकला गेला! पंधरा दिवसांत एकदाही नाही. लोकर तोलायच्या काट्यावर तिला टांगली, चौदा किलोला काटा थांबला. येताना तिचा देल घोट्यापर्यंत होता, आता घोटे उघडे दिसतात. गाल पाहशील तर ओळखणार नाहीस. थंडीने लाल, सायीने गोल. कुत्र्याच्या पाठीवर बसते. करडांना बाटलीने दूध पाजते. दाजींनी तिला छोटा लगाम करून दिलाय, तो धरून बसलेल्या उंटावर चढते आणि उतरायला तयार नसते.

बोलते तर काय, पुष्कळ बोलते. काल म्हणाली, "आईला सांगा, मी मोठी झाले. आईला सांगा, इथलं आकाश निळं आहे."

उरना, एक गोष्ट मनात आली ती लिहिते, रागावू नकोस. पोरीला इथलं मानवतं. मोत्याला शिंपला मानवावा तसं. आम्हा दोघांना लेकरू नाही, हे तुला काय सांगायचं. आपल्यात रीत आहे, बहिणीने बहिणीच्या ओटीत लेकरू घालायची. आपल्या आजीलाही असंच दिलं होतं आणि तिचं काही वाईट झालं नाही. मी आजच उत्तर मागत नाही. फक्त विचार कर. दरवर्षी हिवाळ्यात इकडे आणि उन्हाळ्यात तिकडे, लेकराने मूळ धरायचं तरी कुठे?

दुलमा

—

उलानबातर,
२६ डिसेंबर

दुलमाताई,

माझी मुलगी मी तुझ्याकडे हिवाळ्यापुरती ठेवली आहे, ओटीत घातलेली नाही. हे तुला माहीत होतं.

आणि अजून एक. तू लिहिलंस, ती म्हणाली, "आईला सांगा." ताई, एनेरेलने मला जन्मात कधी आई म्हटलेलं नाही. बापाच्या हाका ऐकून ऐकून ती मला "उन्ना" म्हणते. शेजारीपाजारी हसतात, मी कधी सुधारलं नाही. मग हे वाक्य कुणाचं आहे?

जगातल्या दुसऱ्या कुणाचंही पत्र मी तपासत बसले नसते. तुझंही तपासलं नव्हतं. तिचे शब्द म्हणून मी ते वाक्य दिवसभर कारखान्यात मशीनवर बसून मनात घोळवत होते. घोळवता घोळवता ते हाताला लागलं, जशी शिवणीत राहिलेली टाचणी लागते.

काय लपवते आहेस?

त्सागान सारला, नव्या वर्षाच्या सणाला, मी येते आहे. पहिल्या दिवशी सकाळी तुमच्या दारात असेन. तिला सांग. आणि तोवर मला खरं लिही.

उरना

—

हिवाळी तळ,
२० जानेवारी

उरना,

तुझं पत्र दाजींसमोर वाचलं. मनात वाचायला हवं होतं. ते नमद्यावर बसून खोगीर शिवत होते. सुई थांबवून म्हणाले, "लेकराच्या तोंडात आपले शब्द घातलेस?" आणि उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी इतकी वर्षं ओळखते, हे वेगळं होतं.

तर खरं असं आहे. बातर गेला त्या दिवसापासून एनेरेल एक शब्द बोललेली नाही. आज तीन महिने झाले.

आधी मला वाटलं लाजते. मग वाटलं रुसलीय. मग मी तिच्या घशात बोटं घालून पाहिलं, गळ्याला चरबी चोळली, तालुक्याच्या गावी नेऊन वैद्याला दाखवलं. तो म्हणाला, "जीभ ठीक आहे, कान ठीक आहेत." ती सगळं ऐकते. "पाणी आण" म्हटलं की आणते. हसते, पण आवाज न करता. झोपेत ओठ हलतात. मी कान लावून बसते, काही ऐकू येत नाही.

हे मी तुला लिहिलं नाही. सुरुवातीला वाटलं उगाच काळजी करशील. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की लिहिलं असतं तर तू पोरीला घेऊन गेली असतीस. चाळीशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कानाची पाळी धरून झोपतंय, उरना. मी खोटं बोलले.

आणि तू शब्द मागितलेस तेव्हा काय लिहिणार? मला वाटलं ती असंच काहीतरी म्हणाली असती. तेही धड जमलं नाही.

आता विचार करते तर कळतं. इथे आहे कोण? मी दिवसभर कामात. दाजी माणसांपेक्षा उंटांशी जास्त बोलतात. सगळ्यात जवळचं गेर बारा किलोमीटरवर, तिथे एक म्हातारा आणि त्याचा रेडिओ. तिच्या वयाचं लेकरू तिने या तळावर एकदाही पाहिलेलं नाही. करडं आहेत, पण करडं उलट उत्तर देत नाहीत. अंग माझ्या सायीने वाढलं, वाचा मात्र आटली. मी काट्यावर वजन पाहून फुशारले, आणि जे काट्यावर येत नाही ते डोळ्याआड केलं.

तू येतेस असं तिला सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग जाऊन आपले बूट आणले आणि उशाशी ठेवले.

लवकर ये. मला हवं ते बोल.

दुलमा

—

हिवाळी तळ,
१० फेब्रुवारी

उरना,

आली नाहीस.

त्सागान सारच्या सकाळी मी अंधारातच उठून मांस भरलेले बूझ उकडले, चहा केला. एनेरेलला नवा निळा देल घातला. ती दारासमोरच्या पेटीवर जाऊन बसली. दुपारी पाहुणे आले, म्हाताऱ्याने आशीर्वाद दिले, तिला मिठाई दिली. ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच देल काढला, घडी घातली, आणि माझ्याजवळ आणून दिला.

माझ्यावर राग आहे, समजू शकते. पण तो लेकरावर काढतात का? सांगून न येणारी आई आणि खोटं लिहिणारी मावशी, दोघींच्यात काय फरक राहिला?

जिग्मेदला विचारलं, तो म्हणाला बातर बसथांब्यावर आला होता, तुझं तिकीट परत करून गेला, एक शब्द बोलला नाही. तुमच्या घरी सगळ्यांचीच वाचा बसलीय की काय?

दोन ओळी तरी टाक.

दुलमा

—

उलानबातर,
२७ फेब्रुवारी

ताई,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच हाती आली. मी घरी नव्हते. दवाखान्यात होते.

आता मीही खरं लिहिते. मी सप्टेंबरपासून गरोदर होते. म्हणूनच एनेरेलला सोडायला आले नाही. गणवेश वगैरे काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांचा बसचा प्रवास नको म्हटलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण मला पक्कं माहीत होतं तू काय म्हणशील. "तुला दुसरं होतंय, मग ही मला दे." आणि तू तेच म्हणालीस, दुसऱ्याचं माहीत नसतानाही. त्सागान सारला येऊन तोंडाने सांगेन असं ठरवलं होतं. पाचवा महिना लागला की प्रवास चालेल असं बाई म्हणाल्या होत्या.

जानेवारीच्या शेवटी थंडी उणे चाळीसवर गेली आणि वारा पूर्ण पडला. धूर चार दिवस टेकडीवरून हललाच नाही. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की पोटात काही हलत नाही.

मुलगा होता.

मी बाईंना विचारलं, धुरामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "एकट्या तुझ्याबद्दल मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढं सांगते, की या वॉर्डात हिवाळ्यात खाटा पुरत नाहीत आणि उन्हाळ्यात रिकाम्या असतात." शेजारच्या खाटेवर तेवीस वर्षांची मुलगी होती, तिचंही तेच. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचं टाळत होतो.

मी घरी आले त्या दिवशी गेर बर्फासारखं गार होतं. बातर चुलीसमोर बसलेला, चूल विझलेली, हात मांडीवर. म्हणाला, "पेटवायला गेलो, पण हाताने ढेकूळ उचलवेना." मग शेजारीण आली आणि तिने पेटवली. पेटवावीच लागते ना.

ताई, तुझा राग मला आलाच नाही. दुसऱ्याला दोष द्यायला अंगात जोर लागतो. आणि आपण दोघींनी एकच केलं. एकमेकींना लेकराचं अर्धंच सांगितलं.

आता मला कळत नाही. तिला इकडे आण म्हणू, तर इथे हवा नाही. तिथेच राहू दे म्हणू, तर तिथे बोलणं नाही. लेकराला वाढायला काय काय लागतं गं? मला वाटायचं दूध, मांस आणि माया पुरते.

तिने देलची घडी घालून दिली, हे वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

उरना

—

तालुक्याच्या गावाहून,
१८ मार्च

माझ्या उरने,

पत्र वाचून मी बाहेर जाऊन गाईच्या मानेला मिठी मारून उभी राहिले.  मी आत आले तेव्हा दाजींनी चहा करून ठेवला होता. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांच्या हातचा पहिला चहा. आपल्या खारट दूधचहात मिठाऐवजी सोडा घातला होता. मी प्याले.

तुझ्यासाठी मला काही करता येत नाही, एवढ्या लांबून तर मुळीच नाही. म्हणून जे करता येण्यासारखं होतं ते केलं. वर पाहा, पत्र कुठून लिहिलंय.

मी दाजींना म्हटलं, "पोरीला माणसांत न्यायला पाहिजे." ते म्हणाले, "बकऱ्या व्यायचे दिवस आलेत. तू गेलीस तर इथे कोण?" मी म्हटलं, "तुम्ही." त्यांनी उंटांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "छोटं गेर घेऊन जा. मोठं मला राहू दे, करडं आत घ्यावी लागतील." एवढंच. दुसऱ्या दिवशी उंटावर गेर लादलं. आता आम्ही दोघी शाळेच्या मागे राहतो आणि एनेरेल बालवाडीत जाते.

पहिले दहा दिवस ती कोपऱ्यात उभी राहून नुसती पाहायची. बालवाडीच्या बाई, त्सेव्हेलमा त्यांचं नाव, म्हणाल्या, "कुणी तिला बोल म्हणायचं नाही. तुम्ही तर अजिबात नाही, आजी." आजी म्हणाल्या मला! मी म्हटलं, मावशी आहे.

परवा मी तिला आणायला गेले. अंगणात पाच-सहा पोरं घोडाघोडा खेळत होती, काठ्या घेऊन. एनेरेलच्या हातातही एक काठी होती. एक दांडगट पोरगी आली, एर्खेस नावाची, आणि तिने ती काठी ओढली. एनेरेलने सोडली नाही. ती ओढतेय, ही ओढतेय. एर्खेस ओरडली, "दे, माझा घोडा आहे!" आणि तुझी लेक, पाच महिन्यांत जिने ओठ उघडला नव्हता, ती घसा फाटेस्तोवर किंचाळली, "नाही! माझा! हा माझा!"

सगळी पोरं खेळ सोडून वळली. त्सेव्हेलमाबाई खिडकीत आल्या आणि त्यांनी मला बोटाने खुणावलं, तिथेच थांबा. मी कुंपणाला धरून उभी राहिले. एर्खेस म्हणाली, "बरं, मग तुझ्या घोड्याचं नाव काय?" आणि एनेरेल सांगायला लागली. घोड्याचं नाव, घोड्याच्या आईचं नाव, तो काय खातो, कुत्र्याला का घाबरतो. थांबेचना.

मी तिच्यासाठी साय, रस्सा, चरबी सगळं केलं, आणि पाच महिन्यांनी शब्द काढला तो एका भांडकुदळ पोरीने. मला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे रडू.

घरी येताना माझ्याशी फार बोलली नाही. पण कुंपणापाशी थांबून तिने विचारलं, "उन्ना कधी येणार?"

हे तिचेच शब्द आहेत, उरना. जसेच्या तसे.

ती तुझी आहे. मी मागितली होती, ते विसरून जा. नाही विसरलीस तरी चालेल, मी मागितली होती हे खरंच आहे. इथल्या शाळेच्या वसतिगृहाला गाद्या-रजया शिवणारी बाई हवी आहे, सध्याच्या म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नाही. मी तुझं नाव सांगून ठेवलंय. येणं न येणं तुझ्या हातात. शरीर सावरलं की मगच नीघ.

दुलमा

—

तालुक्याच्या गावाहून,
६ मे

ताई,

तू तळावर गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पोचले. बस चिखलात अडकली म्हणून उशीर झाला, नाहीतर भेट झाली असती. त्सेव्हेलमाबाईंकडे चार दिवस एनेरेलला ठेवून गेलीस ते बरं केलंस. हे पत्र तळाकडे जाणाऱ्या त्या रेडिओवाल्या म्हाताऱ्याकडे देतेय. करडं किती जगली ते कळव. दाजींना विश्रांती मिळाली का?

तुला सगळं सांगायलाच हवं, कारण तू तिथे असायला हवी होतीस.

बालवाडीच्या फाटकाशी उभी होते. मुलं बाहेर आली. मी तिला ओळखलं नाही, ताई. माझीच मुलगी, आणि मी दुसऱ्याच एका बारीक मुलीकडे पाहत होते. एनेरेल उंच झाली आहे, खांद्यात रुंद झाली आहे, धावते तेव्हा पाय जमिनीवर आपटून धावते. तिने मला पाहिलं आणि जागीच थांबली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंचं तू लिहिलेलं आठवलं. मग मी तिथेच धुळीत मांडी घालून बसले. लोक पाहत होते, पाहोत.

ती आधी त्सेव्हेलमाबाईंच्या मागे गेली. मग एर्खेसचा हात धरून थोडी जवळ आली. मग हात सोडून अजून थोडी. शेवटी माझ्यासमोर उभी राहिली, वाकली, आणि माझं डोकं हुंगलं, आपण लेकरांचं हुंगतो तसं. नाक आक्रसून म्हणाली, "उन्ना, तुला धुराचा वास येतो."

मी म्हटलं, "हो गं. धुऊन टाकू."

"मला येतो का?"

मी तिचं मस्तक हुंगलं. लोकर, दूध आणि माती. म्हटलं, "नाही, तुला नाही येत."

एर्खेस तिथेच होती. ती म्हणाली, "ही रडते का?" एनेरेल म्हणाली, "दमलीय. लांबून आलीय."

आज इथल्या दवाखान्यात तिला नेलं. साडेपंधरा किलो. इथेही भिंतीवर तोच तक्ता आहे. अजून ती रेषेच्या खालीच आहे. नर्स म्हणाली पहिल्या वर्षांत गेलेलं सगळंच भरून येईल असं नाही, पण छाती साफ आहे आणि वाढ सुरू झाली आहे. मी खोटी आशा मागितली नाही, आणि तिने दिली नाही.

वसतिगृहाचं काम घेतलं. एकवीस रजया उसवायच्या आहेत. बातर शरदापर्यंत तिकडेच राहील, मग गेर उतरवून घेऊन येईल. मी निघताना म्हणाला, तिथे शाळेच्या बॉयलरला माणूस लागेल का विचार. मी म्हटलं, पुन्हा कोळसाच का? तर म्हणाला, "धुराडं गावाबाहेर आहे, आणि मला दुसरं येतं काय?" आमचं भांडण अजून संपलेलं नाही. पण हिवाळा आम्ही इथेच काढणार, यावर दोघांचं एकमत आहे. टेकडीवर आमच्या जागी दुसरं कुणी येईल, त्यांचीही लेकरं असतील, हा विचार रजई उसवताना पुन्हा पुन्हा येतो. त्याचं काय करायचं मला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात तुम्ही उन्हाळी तळावर याल तेव्हा एनेरेलला आठवडाभर घेऊन जा. मी उदारपणे देत नाहीये. ती रोज विचारते. रात्री माझ्या कानाची पाळी धरते आणि म्हणते, "दुलमाची मऊ आहे."

बाकी पुष्कळ लिहायचं आहे, पण थांबते. ती मघापासून शेजारी बसून बोलतेच आहे, आणि लिहिण्याच्या नादात माझं ऐकायचं राहून जातंय.

उरना